सॅम्पल फ्लॅटमधली आई

"घरी गेल्यावर पाय उशीवर ठेवायचा, ओला होऊ द्यायचा नाही आणि चालायचं तर अजिबात नाही," वॉर्डातल्या तरुण डॉक्टरने पुतळाबाईला बजावलं.

"कुनाच्या घरी?" पुतळाबाईने विचारलं.

डॉक्टरला वाटलं, म्हातारीला ऐकू कमी येतंय. त्याने तेच वाक्य आणखी मोठ्याने म्हटलं. पुतळाबाईनेही तोच प्रश्न आणखी मोठ्याने विचारला. शेजारच्या खाटेवरची बाई तोंडाला पदर लावून हसायला लागली, तसा डॉक्टर घाईघाईने पुढच्या पेशंटकडे गेला.

पुतळाबाईला ऐकू अगदी उत्तम येत होतं. सीबीडी बेलापूरच्या एका खानावळीत तिने उमेदीची सगळी वर्षं भाकऱ्या थापल्या होत्या. मागच्या बाजूला शेगडीपाशी बसून, बाहेरच्या टेबलावर कुठला कारकून कुठल्या साहेबाबद्दल काय बोलतोय ते तिला बरोबर कळायचं. राहायचीही तिथेच, खानावळीच्या पोटमाळ्यावर. मग मालक सगळं आवरून गावी गेला, खानावळीच्या जागी मोबाईलचं दुकान आलं आणि पुतळाबाई पोटमाळ्यावरून उतरली ती थेट त्याच दुकानाच्या पायरीवर. नवरा कधीच गेलेला. करमाळ्याकडच्या दिराने तिला ये म्हटलं नाही, आणि तिनेही त्याला येऊ का म्हणून विचारलं नाही. दुकानं उघडायच्या आत पथारी गुंडाळायची, कुठे भांडी मिळाली तर घासायची, नाहीतर सरकारी कचेरीच्या जिन्यात सावलीला बसून येणाऱ्याजाणाऱ्याची टिंगल करायची, असं तिचं चाललं होतं.

साखरेच्या आजाराने पायाची जाणीव कमी झालेली. चपलेतून वर आलेला खिळा किती दिवस टोचत होता, हे तिला कळलंच नाही. कळलं ते सुचिताला. रस्त्यावर राहणाऱ्यांसाठी एका संस्थेचा फिरता दवाखाना होता, त्यात सुचिता नर्स होती. आवाज खणखणीत, चाल घोड्यासारखी. तिने पुतळाबाईची चप्पल काढायला लावली, नाक मुरडलं आणि तिला तशीच गाडीत घालून सरकारी हॉस्पिटलात नेलं. तिथे अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागलं.

आता हॉस्पिटलाला खाट हवी होती. सुचिताने पुतळाबाईला रात्रनिवाऱ्यात नेऊन सोडलं. पण त्याच्या नावातच रात्र. सकाळ झाली की सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि संध्याकाळी परत यायचं, असा तिथला नियम. पुतळाबाई पायाला प्लॅस्टिकची पिशवी बांधून दिवसभर रस्त्याकडेच्या बाकावर बसून राहू लागली. सुचिताने येऊन पिशवी सोडली, तेव्हा आतलं बँडेज काळंभोर होऊन निथळत होतं.

"मावशी, असंच चाललं तर घोट्यापर्यंत कापावं लागेल," सुचिता म्हणाली.

"बरंच की. मग एकाच चपलेवर भागंल."

सुचिता हसली नाही. ती रस्त्याच्या कडेला जाऊन कुणाशी तरी फोनवर भांडायला लागली. परत आली ती रिक्षा घेऊनच.

"कुठं निघालो?" पुतळाबाईने विचारलं.

"कामोठ्याला. माझ्या मावसभावाकडे. प्रीतम नाव त्याचं. आणि मावशी, तिथे तोंड बंद ठेवायचं."

"जेवताना बी?"

प्रीतम कामोठ्याला एका नव्या टॉवरच्या साइटवर फ्लॅट विकायचं काम करत होता. टॉवर अजून अर्धामुर्धा होता, पण खाली साइट ऑफिसला लागून लोकांना दाखवायला एक अख्खा सॅम्पल फ्लॅट सजवून ठेवलेला होता. प्रीतम दारातच उभा होता. टाय लावलेला, कपाळावर घाम.

"ताई, माझी नोकरी जाईल," तो सुचिताला म्हणाला.

"मावशीचा पाय जाईल. काय वाईट ते तूच सांग."

"पण शेठ आले तर?"

"शेठ कधी येतात?"

"महिन्यातून एखादवेळा."

"मग एखादवेळा टेन्शन घे."

पुतळाबाईने आत पाऊल टाकलं आणि ती बघतच राहिली. एवढं चकचकीत घर तिने जन्मात पाहिलं नव्हतं. मग तिने टेबलावरचं सफरचंद उचललं, ते प्लॅस्टिकचं निघालं. भिंतीवरचा टीव्ही पुठ्ठ्याचा होता. कपाटातली पुस्तकं म्हणजे नुसती पाठीला पाठ चिकटवलेली खोकी. स्वयंपाकघरातला नळ फिरवला तर तो हातातच आला.

"प्रीतमा, ह्या घरात खरं काय हाय?"

"एसी," प्रीतम म्हणाला, "आणि पलंग."

पलंग मुलांच्या खोलीत होता. लाल मोटारीच्या आकाराचा, पुढे दोन दिवे आणि मागे नंबरप्लेट. खोली मोठी दिसावी म्हणून तो मुद्दाम आखूड बनवून घेतला होता. साध्या माणसाचे पाय बाहेर लोंबले असते, पण पुतळाबाई उंचीला बेताचीच. तिचं डोकं मागे डिकीकडे आणि दुखरा पाय पुढे बॉनेटवर, असं सगळं मापात बसलं. सुचिताने बॉनेटवर एक उशी ठेवली, उशीवर पाय ठेवला, दोन पावलं मागे जाऊन पाहिलं आणि खूश झाली.

"डॉक्टरांनी सांगितली तेवढीच उंची!"

इन्सुलिन गार ठेवायला लागायचं. ते साइट ऑफिसच्या फ्रिजमध्ये, गिऱ्हाइकांना द्यायच्या थंड पेयांच्या मागे दडवलं गेलं. संडास-बाथरूमही ऑफिसचंच. तिथे जायला प्रीतमने चाकांची खुर्ची दिली, स्वतःची, ऑफिसातली. एक दिवसाआड सुचिता ड्रेसिंग करायला येणार, दोन वेळचा डबा समोरच्या पोळीभाजी केंद्रातून. आणि गिऱ्हाईक आलं की मुलांच्या खोलीचा पडदा ओढून पुतळाबाईने गप्प पडून राहायचं, असं ठरलं. खोलीला दार नव्हतंच. दार नसलं की जागा मोठी वाटते, हे प्रीतमनेच तिला समजावून सांगितलं.

सुरुवातीला पुतळाबाई नुसती झोपली. इतकी, की प्रीतम मधूनमधून पडदा बाजूला करून तिची छाती हलतेय का ते पाहून जायचा. पायरीवर झोपताना एक कान कायम जागा ठेवावा लागतो. कुत्रं, दारुडा, पोलीस, पाणी मारणारा दुकानदार, कोण कधी येईल याचा नेम नसतो. आता तो कानही झोपला. मग झोप पुरी झाली आणि पुतळाबाईला कंटाळा यायला लागला. पडद्याआडून प्रीतमचं बोलणं ऐकणं एवढीच करमणूक. स्टेशन पाच मिनिटांवर, बाल्कनीतून डोंगर, पाणी चोवीस तास. प्रत्येक गिऱ्हाइकाला तेच, त्याच सुरात. खोकला आला तर ती उशीत तोंड खुपसायची. हसू आलं तरी तसंच.

एक दिवस अरविंद आणि जयमाला आले. तो बँकेत, ती शाळेत शिक्षिका. मूळचे चिपळूणकडचे, आता ऐरोलीला भाड्याने राहणारे. प्रीतम अरविंदला बाल्कनी दाखवत असताना जयमाला एकटीच आत फिरत होती. प्रीतम "मॅडम, तिकडे काम चालू आहे" असं ओरडेपर्यंत तिने पडदा सारला.

लाल मोटारीत एक म्हातारी पसरली होती. बँडेज बांधलेला पाय बॉनेटवर, हातात ज्वारीची भाकरी.

पुतळाबाईने घास गिळला आणि म्हणाली, "या बाई, बसा. पायामुळं उठता येत न्हाई."

"आपण?" जयमालाने विचारलं.

प्रीतम धावत येऊन उभा राहिला होता. त्याचं तोंड उघडलं, बंद झालं, पुन्हा उघडलं आणि त्यातून भलतंच बाहेर पडलं. "शेठच्या आई!"

पुतळाबाईने त्याच्याकडे एकदा पाहिलं. पोरगा पांढराफटक पडला होता. तिला त्याची दया आली, आणि खरं सांगायचं तर मजाही वाटली. भाकरी बाजूला ठेवून तिने डोक्यावरून पदर सारखा केला.

"व्हय. आमच्या पोरानं बांधलंय हे सगळं. पायाचं आपरेशन झालं, तर मला म्हनला, आई, आपल्या बिल्डिंगीत ऱ्हा, हवा चांगली हाय."

"आणि या पलंगावर?" मागून आलेल्या अरविंदने विचारलं.

"नातवाचा हाय. त्याला म्हनलं, बाबा, चार दिवस आजीला गाडी चालवू दे."

जयमाला हसली. पुतळाबाईपाशी खाली बसली. साखर किती, ड्रेसिंग कोण करतं, रात्री ठणकतं का, असं सगळं विचारत राहिली. तिच्या सासूलाही साखर होती. निघताना ती नवऱ्याला हळूच म्हणाली, पण पुतळाबाईच्या कानांना ते ऐकू गेलंच. "जो माणूस आपल्या आईला इथे ठेवतो, तो बांधकामात खोट नाही करायचा."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी फ्लॅट बुक केला.

झालं. प्रीतमच्या कानात वारं शिरलं. आजवर तो गिऱ्हाइकांना पडद्यापासून लांब ठेवत होता, आता तोच त्यांना पडद्याकडे न्यायला लागला. "चला, शेठच्या आईंना भेटून घ्या." त्याने स्वतःच्या आईची एक जरीकाठाची साडी आणली, बिनानंबराचा चष्मा आणला. मोटारीत झोपलेली आई बरी दिसत नाही म्हणून पुतळाबाईला हॉलमधल्या सोफ्यावर आणून बसवलं. पुतळाबाईही रंगली. इतकी वर्षं लोक तिच्याशी बोलायचे ते "ए, ऊठ" किंवा "सरक" एवढंच. आता माणसं पाया पडत होती. तिने मुलाच्या लहानपणीच्या गोष्टी रचल्या. सुनेला जरा नावं ठेवली, कारण त्याशिवाय सासू खरी वाटत नाही. एका गुजराती गिऱ्हाइकाला तर तिने असा आशीर्वाद दिला की त्याचे डोळे भरून आले.

सुचिता ड्रेसिंगला आली, तेव्हा पुतळाबाई चष्मा लावून सोफ्यावर बसली होती आणि पाय फरशीवर होता. सुचिताने बँडेज सोडलं. पाय टम्म फुगला होता, टाक्यांपाशी लाल झालं होतं.

"प्रीतम!"

तो आवाज टॉवरच्या वरच्या मजल्यावरच्या मिस्त्र्यांनीही ऐकला असेल.

"ताई, अगं, तीन बुकिंग झाली या आठवड्यात..."

"आणि मावशी, तुम्ही? तुम्हाला कळत नाही? किती बोटं उरली आहेत माहितीय ना? ती काय सॅम्पल म्हणून ठेवलीत?"

पुतळाबाई खाली बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "लोक या-बसा करत व्हते गं. बरं वाटत व्हतं."

सुचिताचा राग तिथेच अडला. तिने जखम स्वच्छ केली, नवीन पट्टी बांधली, डॉक्टरला फोन करून गोळ्या बदलून घेतल्या, आणि पुतळाबाईला पुन्हा मोटारीत नेऊन पाय बॉनेटवर ठेवला. "तुम्हाला कुणाची आई व्हायचं ते व्हा," ती म्हणाली, "पण इथूनच. पाय खाली दिसला तर मी स्वतः शेठला फोन करीन."

तिला फोन करायची वेळच आली नाही. शेठच्या गावात, करावेला, काय घडलं ते पुतळाबाईला पुढे शेठच्या खऱ्या आईनेच सांगितलं, पण ते इथेच सांगून टाकलेलं बरं. जयमालाने "शेठच्या आईं"साठी मेथीचे बिनसाखरेचे लाडू केले आणि येताजाता शेठच्या सीवूड्सच्या ऑफिसात दिले. शेठ म्हणजे अंकुश. त्याच्या ड्रायव्हरने डबा उचलला आणि शेठच्या आईकडे नेऊन पोचवला. शेठची खरी आई चांगुणाबाई. करावे गावातल्या आपल्या जुन्या घराच्या ओटीवर ती सुकट निवडत बसली होती.

"आई, एक बाई देऊन गेल्या. पायाची बोटं कापल्यावर मेथी चांगली, असं म्हणाल्या. जखम सुकली का, ते पण विचारलंय."

चांगुणाबाईने सुकट बाजूला ठेवली. दोन्ही पाय पुढे घेऊन नीट पाहिले. बोटं जागच्या जागी होती.

"कोनची जखम र? आनि मी हाय कुठं म्हंतं ती बाय?"

"कामोठ्याला, सॅम्पल फ्लॅटमध्ये."

"गारी कार," म्हणत ती गाडीकडे निघालीसुद्धा.

पुतळाबाई दुपारचं जेवून मोटारीत पडली होती. प्रीतम बँकेत गेलेला. पडदा सरकला आणि आत एक थोराड म्हातारी आली. काठापदराचं लुगडं, गळ्यात सोन्याचा गच्च ऐवज, दंडावर वाक्या. पुतळाबाईने मनात म्हटलं, हे गिऱ्हाईक दोन फ्लॅट घेणारं आहे.

"या, बसा. जागा बघायला आलात?"

"बघाला आली," चांगुणाबाई म्हणाली. पलंगाच्या मागच्या चाकावर तिने बैठक मारली. "शेटची आई तूच का गो?"

"मीच की. दुसरी कोन असनार?"

"बरा हाय का पोर्‍या?"

"आता बरा हाय. लहानपनी लई द्वाड. एकदा हिरीत पडला, गाव गोळा झाला काढायला."

"खारीत."

"आँ?"

"काय नाय. तू बोल."

"मग शिकला, मोठा झाला, टावर बांधाया लागला." पुतळाबाईने उसासा सोडला. हा उसासा आता तिला चांगला जमायला लागला होता. "पन बाई, पोरं मोठी झाली की आपली ऱ्हात न्हाईत बघा. फोन करतो. 'आई, बरी हायेस ना?' म्हनतो, आन म्या तोंड उघडायच्या आत तिकडं दुसऱ्यासंगं बोलाया लागतो. सनाला साडी धाडतो ड्रायव्हरच्या हातानं. साडी काय करू? घडीभर येऊन बसला असता तर..."

ती थांबली. समोरची बाई पदराने नाक पुसत होती.

"ह्या साडीचा तुना कोनी सांगला?" चांगुणाबाईने विचारलं.

"सांगायला कशाला पायजे? सगळ्यांचीच पोरं तशी."

"अंकुशची आई मी हाय."

पळून जावं असं पुतळाबाईच्या मनात आलं, पण पाय बॉनेटवर, चाकांची खुर्ची बाहेर आणि वाटेत ही सोन्याने मढलेली बाई. तिने चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यात तसंही काही फरक पडत नव्हता. मग तिच्या तोंडून जे निघायचं तेच निघालं.

"मग तुमीच सांगा, म्या काय खोटं बोलले?"

चांगुणाबाईने तिच्याकडे पाहिलं. आणि हसायला लागली. अशी हसली की गळ्यातलं सगळं सोनं वाजायला लागलं आणि पलंगाची नंबरप्लेट निखळून खाली पडली. "हिरीत नाय गो," ती डोळे पुसत म्हणाली, "खारीत पडलेला, भरतीचे पान्यान. मीच उरी मारून काढला त्याला!"

मग तिने पायावरची चादर बाजूला केली. "आता खरा सांग."

पुतळाबाईने खरं सांगितलं. खानावळीचं, पायरीचं, खिळ्याचं, रात्रनिवाऱ्याबाहेरच्या बाकाचं. रंगवून नाही, जसं झालं तसं. खूप दिवसांनी ती रचल्याशिवाय काही बोलत होती, आणि ते तिला अवघड जात होतं. चांगुणाबाईने मध्ये एकच प्रश्न विचारला, "पावसान कुठं निजाचीस?" उत्तर ऐकल्यावर तिने ड्रायव्हरला हाक मारली आणि अंकुशला बोलावून घ्यायला सांगितलं.

अंकुशशेठ आला तो दोन कानांना दोन फोन लावून. पांढरे बूट, पांढरा शर्ट, बोटांत अंगठ्या. मागून प्रीतम, नुकताच बँकेतून परतलेला, वधाला नेल्यासारखा.

"आई, तू हितं? ही कोन बाई?"

"तुजी मावशी."

"मना मावशी नाय."

"आता हाय. पाया पर."

"आई, ही साइट हाय, धर्मशाला नाय! उद्या कोनी तक्रार केली तं..." तो प्रीतमकडे वळला. "आनि तू? आजपासून घरी बस!"

"अंकुश," चांगुणाबाई शांतपणे म्हणाली, "हा प्लॉट कोनाचे नावाव हाय?"

अंकुशने दोन्ही फोन खाली घेतले. गावची शेतं आणि मिठागरं शहरासाठी गेली, त्यांच्या बदल्यात सरकारच्या साडेबारा टक्के योजनेत मिळालेला तो प्लॉट होता. चांगुणाबाईच्या नावावर. हे त्याला माहीत होतं आणि आई ते कधी बोलून दाखवत नाही, हेही माहीत होतं. आज तिने बोलून दाखवलं होतं.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "आत येऊ का?" आणि अरविंद-जयमाला जयमालाच्या सासूला घेऊन सॅम्पल फ्लॅटमध्ये शिरले. सासूबाईंना घर दाखवायचं होतं, आणि शेठच्या आईंनाही.

जयमालाने पुतळाबाईच्या बऱ्या पायाला हात लावून नमस्कार केला. मग अंकुशकडे वळली. "तुम्हीच का अंकुशशेठ? खरंच, आईची एवढी काळजी घेणारा मुलगा आजकाल बघायला मिळत नाही."

अंकुशने आईकडे पाहिलं. मग दुसऱ्या आईकडे पाहिलं. पुतळाबाई चष्म्यातून छताकडे बघत होती.

"आणि या कोण?" जयमालाने चांगुणाबाईकडे हात करून विचारलं.

"मी?" चांगुणाबाई म्हणाली. "मी त्याची मावशी."

प्रीतमला ठसका लागला, तो पाणी प्यायला बाहेर पळाला. अंकुशशेठ काहीतरी बोलायला गेला, पण त्याच्या आईने त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की तो नुसतं "हो" म्हणाला. पुढे बराच वेळ, जे काय विचारलं जाईल त्याला तो "हो" म्हणत राहिला. त्यात जयमालाने स्वयंपाकघरात एक जास्तीचं कपाट मागून घेतलं.

पण पाहुणे गेल्यावर पुतळाबाईचं मन लागेना. इतरांना बनवलं त्याचं तिला काही वाटत नव्हतं. ते बनायलाच आले होते. जयमाला मात्र तिच्या ठणक्याची चौकशी करत होती, लाडू पाठवत होती. पुढच्या वेळी जयमाला टाइल्स बघायला आली, तेव्हा पुतळाबाईने तिला जवळ बसवलं आणि सगळं सांगून टाकलं. जयमालाचा चेहरा लाल झाला. "म्हणजे मी दिलेले लाडू..." एवढंच ती बोलली आणि उठून गेली. बुकिंग तिने मोडलं नाही, पण बरेच दिवस तिचा काही निरोपही आला नाही. पुतळाबाईने चष्मा आणि साडी प्रीतमला परत करून टाकली. प्रीतमची नोकरी राहिली. कपाटाचं लाकूड मात्र त्याला स्वतः धावपळ करून बसवून द्यावं लागलं.

जखम हळूहळू भरत आली. मध्ये एकदा पू झाला, ताप आला, सुचिता रोज यायला लागली. चांगुणाबाईही रोज यायची. ड्रेसिंग बघायला नको म्हणून ती भिंतीकडे तोंड करून बसायची आणि सुचिताला विचारायची, "झाला का? आता झाला का?" शेवटी डॉक्टरने पायाच्या मापाची जाड तळव्याची चप्पल लिहून दिली आणि पुतळाबाई सॅम्पल फ्लॅटमध्ये खुर्ची न घेता या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली.

तिथून पुन्हा पायरीवर जायचं, असंच तिने गृहीत धरलं होतं. पण करावे गावात चांगुणाबाईच्या घरामागे भाड्याच्या खोल्यांची एक ओळ होती. त्यातली कडेची रिकामी झालेली खोली तिने झाडूनपुसून ठेवली.

"मला उपकार नगं," पुतळाबाई म्हणाली.

"उपकार कोन करतंय? मना दुपारची बोलाला कोन नाय. अंकुश आयतवारी येतंय, पन त्याला बोलाला येत नाय."

हे खरं होतं. अंकुश आता दर रविवारी यायचा, फोन खिशात ठेवून तासभर दोघींच्या मध्ये बसायचा आणि दोघींकडून बोलणी खायचा.

सुचिताने खोली पाहिली आणि तिचे डोळे लगेच मापं घ्यायला लागले. "मावशी, इथे आणखी दोन खाटा बसतील. हॉस्पिटलातून सुटल्यावर ज्यांना घर नाही, त्यांच्यासाठी."

"बसतील की," पुतळाबाई म्हणाली. "कुनाला आनतेस?"

पहिले आले ते उदयसिंह. बेलापूरला कचेऱ्यांबाहेर टाइपरायटर घेऊन बसायचे, तिथेच झोपायचे. न्यूमोनियाने हॉस्पिटलात गेले, तोवर टाइपरायटर चोरीला गेला होता. मिशा पिळलेल्या, स्वभाव त्याहून. आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं की आपण सरदार घराण्यातले, कुणा बाईच्या हातून गोळ्या घेणार नाही. सुचिता समजावून थकली. पुतळाबाईने त्यांना त्यांच्याच भाषेत चार शब्द ऐकवले, ते त्यांनी अर्जातल्या चुका काढाव्यात तसे दुरुस्त करून परत ऐकवले. खोलीत नुसती जुगलबंदी.

तेवढ्यात मागच्या दारी चांगुणाबाईने ओले बोंबील तेलात सोडले. चर्र आवाज झाला, वास खोलीभर पसरला. पुतळाबाई माळकरी, तिने नाकाला पदर लावून आपली भाकरी उचलली आणि ओटीवर जाऊन बसली. उदयसिंहांच्या मिशा मात्र हलल्या.

"आदी गोल्या!" चांगुणाबाई तिकडून ओरडली. "मंगशी बोंबील!"

उदयसिंहांनी खिडकीबाहेर पाहिलं, घसा साफ केला आणि सुचितासमोर हात पसरला. तिने गोळ्या त्यावर ठेवल्या. त्यांनी त्या एका दमात गिळल्या, जीभ बाहेर काढून रिकामं तोंड दाखवलं आणि विचारलं, "किती तुकडे मिळतील?"